फुलाचा कित्ता

चित्रकलेचा श्रीगणेशा करणाऱ्या मुलापुढे आपल्याकडे बहुधा फूलच ठेवण्यात येते. माणसाचा चेहरा अवघड, घोड्याचे पाय त्याहून अवघड. फूल मात्र सोपे, ही समजूत शाळांतून आणि घरांतून दृढ होऊन बसली आहे. मधोमध एक वाटोळे, त्याभोवती पाच पाकळ्या, खाली देठ आणि देठास दोन पाने. पायरीपायरीने एवढे झाले, वरून शाई फिरविली, की फूल तयार! पायऱ्या पाडून शिकविण्यास आमची मुळीच हरकत नाही. परंतु ह्या पायऱ्या कोणी पाडल्या, कशासाठी पाडल्या, आणि त्या चढून गेलेला विद्यार्थी फुलापाशी पोहोचतो की भलतीकडेच कोठे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आणि त्याचे उत्तर आपल्या प्रांताच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात पुष्कळसे सापडते.

लिहावयास शिकण्याची आपली जुनी रीत कित्त्याची. धुळपाटीवर बोट फिरवून अक्षराचे वळण हातात बसवावयाचे, मग बोरू घेऊन कागदावर तेच वळण पुन्हा पुन्हा गिरवावयाचे. ही रीत चुकीची नव्हती. कारण अक्षर ही माणसाने ठरविलेली वस्तू आहे. ‘क’चा एक आदर्श आकार असतो व त्याच्या जास्तीत जास्त जवळ जाणे हेच तेथे शिकणे होय. फुलाचे तसे नाही. एका गुलाबासारखा दुसरा गुलाब नाही, आणि सकाळचा गुलाब सायंकाळी तोच राहत नाही. तेव्हा जी रीत अक्षरास मानवली तीच फुलास लावली म्हणजे हातास फुलाचे वळण लागते, परंतु डोळ्यास फूल दिसेनासे होते.

नाशिककरांस फुलांचे कौतुक वेगळे सांगावयास नको. मोगल अमदानीत ह्या शहराचे नावच गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचे नगर, असे होते. मात्र नाशिकजवळचे सर्वांत जुने फूल बागेतले नव्हे, दगडातले आहे. मुंबईच्या वाटेवर त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत, ज्यांस आपण पांडवलेणी म्हणतो, त्यांतील गौतमी बलश्रीच्या लेण्यात वेदिकेच्या नक्षीमध्ये कमळे कोरलेली आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले हे काम. पाथरवटाने समोर तळ्यातले कमळ ठेवून ते कोरले नाही, हे उघड आहे. वर्तुळ आखले, त्याचे सारखे भाग पाडले, प्रत्येक भागात एक पाकळी बसविली. आणि हीच आकृती शेकडो कोस दूरच्या लेण्यांतूनही दिसते. हे कित्त्याचे फूल खरे, पण त्यास हीन लेखण्याचे कारण नाही. दगडाच्या पट्टीचे म्हणून काही मागणे असते व ते पुरविणारे ते फूल आहे.

हाच न्याय येवल्याच्या पैठणीस लागू पडतो. नाशिक जिल्ह्यातील हे गाव मागावरच्या फुलांचेच. पदरावरची कमळे व असावलीच्या वेली विणकर ताण्याचे धागे मोजून विणतो. अमुक धाग्यांनंतर रंग पालटावयाचा, अमुक धाग्यांनंतर पुन्हा मूळ रंगावर यावयाचे. फूल येथे संख्येत उतरलेले असते, म्हणूनच ते उलट्या बाजूसही जवळजवळ तसेच उमटते. आपल्या आयाबहिणी अंगणात ठिपके मांडून त्यांवर कमळ उमटवितात तोही असाच मोजणीचा व्यवहार. नक्षीतले फूल आणि झाडावरचे फूल ह्या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, आणि पहिली विद्या आपल्या देशात फार पुरातन व फार पुढारलेली होती. घोटाळा झाला तो पहिलीच्या पद्धतीने दुसरी शिकविली जाऊ लागल्यामुळे. आणि तो झाला इंग्रजी अमदानीत.

सर जमशेटजी जिजीभाई ह्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ साली सुरू झाली आणि पुढे ती सरकारी झाली. तिच्यावर छाप पडली ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. त्या पद्धतीने चित्रकलेची एक लांबच लांब शिडीच रचली होती. तिच्या पायऱ्या तेवीस! प्रथम सरळ रेषा, मग छापील नक्षीच्या बाह्यरेषा, मग पांढऱ्या पुतळ्यांवरून छाया. असे करीत करीत विद्यार्थी बऱ्याच पायऱ्या चढला म्हणजे त्यास फूल भेटे, आणि तेही आधी छापील चित्रातले व मागाहून झाडावरचे. ह्या शिडीचा हेतू चित्रकार घडविण्याचा नव्हताच मुळी. विलायती कारखान्यांस कापड, भांडी, कागदी भिंतपट ह्यांवर नक्षी काढणारे हात हवे होते. त्यांस फूल कसे उमलते हे ठाऊक नसले तरी चाले. फुलाची बाह्यरेषा स्वच्छ व दोन्ही अंगांस सारखी उतरली म्हणजे झाले.

गंमत अशी की मुंबईची शाळा उघडली त्याच १८५७ साली इंग्लंडात जॉन रस्किन ह्यांचे नवशिक्यांसाठी लिहिलेले चित्रकलेचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि ते ह्या शिडीच्या अगदी विरुद्ध दिशेचे होते. पहिल्याच धड्यात रस्किन विद्यार्थ्याच्या हाती पेन्सिल न देता टाक व शाई देतात आणि एक लहानसा चौकोन बारीक रेघांनी भरावयास सांगतात. बाह्यरेषेला जन्मभर चिकटून राहू नका, वस्तूवर उजेड कोठे आहे व काळोख कोठे आहे ते पाहा, हा त्या धड्याचा रोख. शाई पुसता येत नाही. म्हणून रेघ ओढण्यापूर्वी पाहणे भाग पडते. हे पुस्तक आपल्या शाळांच्या अभ्यासक्रमाचा पाया झाले असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मुंबईच्या शाळेने साउथ केन्सिंग्टनची शिडी घेतली, तरी तेथील शिक्षक केवळ शिडी धरून बसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांस वेळोवेळी अजिंठ्यास नेऊन तेथील चित्रांच्या नकला करविल्या. छतांच्या चौकटींतून जी कमळे, जी फळे, ज्या वेली तेथे आहेत त्या नक्षीच्या असूनही झाडावर पाहिलेल्या वाटतात. नक्षी आणि निरीक्षण ह्यांचा एवढा मनोहर मिलाफ अन्यत्र क्वचितच आढळेल. पुढे बोरीबंदरच्या स्थानकाची इमारत उभी राहिली तेव्हा तिच्या दगडावर पाने, फुले व प्राणी कोरण्याच्या कामी ह्याच शाळेतील विद्यार्थ्यांचा हात लागला. आगगाडी पकडण्याच्या घाईत त्या फुलांकडे कोणी मान वर करून पाहत नाही, ही गोष्ट निराळी.

शाळेच्या आवारात जे होते ते गावोगाव पोहोचले नाही. १८७९ साली चित्रकलेचा विषय सरकारी शाळांत शिरला. १८९३ साली ड्रॉइंग शिक्षकांसाठी खास वर्ग निघाला. मग जिल्ह्याजिल्ह्यांच्या हायस्कुलांतून ड्रॉइंग मास्तर आले व ग्रेडच्या परीक्षांचे पेव फुटले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ही नावे न ऐकलेले मध्यम वर्गातील घर महाराष्ट्रात विरळा. त्या परीक्षा आजही चालू आहेत. ह्या परीक्षांनी लाखो मुलांच्या हाती कुंचला दिला, हे त्यांचे श्रेय मोठे आहे. पण परीक्षा म्हटली म्हणजे नमुना आला, नमुना आला म्हणजे कित्ता आला. फळ्यावर मास्तरांनी काढलेले फूल पन्नास मुलांनी उतरवून घ्यावे, व ज्याचे मास्तरांच्या फुलासारखे त्यास गुण जास्त, अशी वहिवाट पडली. धुळपाटी गेली, तिची रीत राहिली.

आता ह्याच प्रांतात कित्त्यावाचून फूल काढणारे कोणी झालेच नाहीत की काय? झाले, आणि ते कलाशाळेच्याही आधी. पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ च्या सुमारास मुंबई सरकारने वनस्पतींची एक बाग केली होती. तिचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांनी १८४७ ते १८५० ह्या काळात बागेतील व आसपासच्या वनस्पतींची पावणेदोनशेंच्या आसपास चित्रे काढवून घेतली. काढणारा चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता. त्याचे नाव मात्र नोंदले गेले नाही. गिब्सनसाहेबांचे नाव वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत अमर झाले, आणि ज्याच्या बोटांनी ती झाडे कागदावर उभी केली तो अनामिक राहिला! ही चित्रे एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवलेली आहेत, व हेन्री नोल्टी ह्यांनी २००२ साली त्यांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. शास्त्रासाठी फूल काढणाऱ्यास कित्त्याचा उपयोग नसतो. पाकळ्या किती, पुंकेसर कोठे जोडलेले, पानाची कड दातेरी की अखंड, हे चुकले तर चित्र कितीही देखणे असो, ते निकामी.

हा भेद किती खोल आहे हे पाहावयाचे असेल तर दूर जाण्याचे कारण नाही. देवपूजेसाठी आणलेले तांबडे जास्वंद हाती घ्यावे. कित्त्यातल्या फुलात पाच पाकळ्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, किंवा एक सर्वांच्या वर व बाकीच्या तिच्या खाली दडलेल्या. जास्वंदीत सर्वांत वरची अशी पाकळीच नाही! प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पाचही जणी एकमेकींस धरून फेर धरल्याप्रमाणे उभ्या असतात. पेन्सिलीने हे कसेही भागून जाते. शाईने काढू लागले की पंचाईत होते. नवशिका पहिली पाकळी पुरी रेखून मोकळा होतो, दुसरी तिच्या खाली, तिसरी दुसरीच्या खाली असे करीत पाचवीपर्यंत येतो. आणि मग त्यास कळते की पाचवी पाकळी पहिलीच्या वर यावयास हवी होती, परंतु पहिलीची कड तर शाईने केव्हाच पक्की झाली आहे. जाणता चित्रकार पहिल्या पाकळीची एक कड मुद्दाम मोकळी सोडतो, फेर पुरा करतो, पाचवीची कड वरून आणतो आणि मगच पहिलीच्या रेषा तिला भिडवून थांबवितो. हे कोणत्याही छापील पायरीत लिहिलेले नसले तरी फूल स्वतःच ते सांगते. शिवाय एकाच झाडावरची काही फुले उजवीकडे वळणारी व काही डावीकडे वळणारी निघतात. आता कित्त्याने ह्यांतले कोणते खरे मानावे?

पायऱ्या असाव्यात, पण त्या फुलाच्या असाव्यात, असे आमचे म्हणणे आहे. आणि त्याचे सर्वांत चमत्कारिक उदाहरण नाशिकच्याच एका सुपुत्राने घालून दिले आहे. धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी झाला. १८८५ साली ते मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले, ग्रिफिथ्स तेथे असतानाच. पुढे बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुराणवस्तू खात्यातील आरेखकाची नोकरी, ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना, अशा नाना वाटांनी फिरून ते चलच्चित्राकडे वळले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या आधीचे, १९१२ सालचे एक इवलेसे चित्र तितके ठाऊक नाही. लंडनहून यंत्र आणल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविणे प्राप्त होते. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, यंत्र एका जागी रोखून ठेवले, आणि ठराविक अंतराने एकेक छायाचित्र घेत अंकुराची वाढ टिपली. महिन्याभराच्या वर चाललेली ती वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. यशवंत नाडकर्णी ह्यांनी ती पाहिली व कर्ज देण्याचे कबूल केले.

ज्याने शाळेत रेषेची शिडी चढली होती त्याने रोपट्याची स्वतःची शिडी, जशी ते चढते तशी, एकेक पायरी धरून दाखविली. आमच्या दृष्टीने हिंदी चलच्चित्राच्या जन्मकथेतील हा भाग राजा हरिश्चंद्राच्या डोंबाघरच्या प्रसंगाइतकाच हृद्य आहे. १९१३ साली फाळक्यांनी आपला सारा संसार व कारखाना नाशिकास आणला, तेथेच त्यांची पुढची बहुतेक चित्रे झाली, आणि तेथेच १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी देह ठेवला.

घरी मुलांस फूल काढावयास शिकविणाऱ्या आईबापांस ह्यातून एक अगदी घरगुती प्रयोग सुचवितो. वाटाणा थंडीत कुंडीत सहज रुजतो. अंकुर वर आला की दर दोन-तीन दिवसांनी एका कागदावर तो काढावा. खोडरबर शक्यतो दूर ठेवावे. प्रथम देठाचा कल पेन्सिलीने अगदी फिकट धरावा, कारण फूल डुलते ते देठामुळे. मग पाने कोणत्या क्रमाने व कोणत्या अंगास फुटली ते मोजावे. कळी आल्यावर तिचा तोल, आणि फूल उमलल्यावर त्याची रचना पाहावी: मागे उभारलेली एक मोठी पाकळी, दोन अंगांस दोन पंख, आणि मध्ये होडीच्या आकाराच्या जुळलेल्या दोन. पाच पाकळ्या येथेही आहेत, पण वाटोळ्याभोवती मांडलेल्या पाचांशी त्यांचे काडीचेही नाते नाही. शाई शेवटी घ्यावी व जवळच्या पाकळीपासून आरंभ करावा. टाक उजेडाकडच्या कडेवर हलका चालवावा, सावलीकडे किंचित दाबावा, आणि जेथे कड डोळ्यांस दिसतच नाही तेथे रेघ तोडून द्यावी. शाई पुरती वाळल्याखेरीज पेन्सिल पुसू नये. ह्या एका घाईने जितकी चांगली चित्रे काळवंडली तितकी हाताच्या कंपाने खचित नसतील. पाकळ्या गळून शेंग धरली की नवा कागद घ्यावा.