कागद वाकतो, ताणला जात नाही

कागदाची मोटार करायला घेतली की पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट कळते. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. त्याचं नळकांडं होतं, शंकू होतो, घडी पडते. घुमट मात्र होत नाही. त्यासाठी कात्रे मारून पाकळ्या जोडाव्या लागतात. गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्येच हे सिद्ध करून ठेवलंय, आपण ते डिंक लावून शिकतो एवढंच!

पोलादी पत्र्याचं तसं नाही. प्रेसखाली साच्यात दाबला की तो ताणला जाऊन घुमटासारखाही होतो. पण ते साचे भयंकर महाग. म्हणून मला वाटतं, जी गाडी कागदात पटकन जमते, ती बहुधा टंचाईत जन्मलेली असते.

लँड रोव्हरच बघा. १९४८ ची, म्हणजे युद्धानंतरची. ब्रिटनमध्ये पोलादाची चणचण, म्हणून अंगाला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. आणि महागडे साचे टाळायचे, म्हणून बहुतेक पत्रे सपाट, कडेला वाकवलेले. कार्डशीटवर ती भराभर उभी राहते. याउलट चेकोस्लोव्हाकियातली १९३४ ची टाट्रा ७७! वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून थेंबासारखी घडवलेली. तिची शेपटी करताना जीव मेटाकुटीला येतो.

गंमत म्हणजे कागदी मॉडेलंही अशाच देशांत फोफावली. पोलंडचं 'मावी मोडेलाश' आणि चेकोस्लोव्हाकियाचं 'आबेत्से', दोन्ही मासिकं १९५७ साली निघाली. खऱ्या मोटारीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. कागदाची मात्र कात्री आणि डिंकावर मिळे.

थांबणं आपल्यालाही नवीन नव्हतं... आपली ॲम्बॅसॅडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, गोलमटोल. गोल म्हणजे साचे, साचे म्हणजे पैसा. परवान्यांच्या राज्यात स्पर्धाच नाही, तर नवे साचे कोण करणार? तोच चेहरामोहरा घेऊन ती उत्तरपाड्यातून २०१४ पर्यंत बाहेर पडत राहिली. तिला आपण प्रेमाने 'जुनी ती जुनीच' म्हणतो, पण त्या गोलाईत आपली नाइलाजाची वर्षंही दाबलेली आहेत.

कुर्ल्यात बनलेली पद्मिनी तुलनेने सरळ रेषांची, कागदाला मानवणारी. तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. चार मीटरच्या आतली ती गाडी, १:२४ प्रमाणात साधारण सोळा सेंटिमीटरांत मावते. कपाटात तेवढी जागा सहज होते.