बांधकामातील दोषाचे दायित्व कोणाचे?
३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात बळी घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि त्यांवरील माळवदाच्या ओझ्याने. नांदेड शहरालाही पुढे सौम्य धक्के जाणवले. त्यामुळे या भागात घर घेताना भिंतीतील भेग म्हणजे निव्वळ गिलाव्याचा प्रश्न नव्हे.

नव्या इमारतीचा ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामदोष निदर्शनास आणल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करण्याचे दायित्व २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याच्या कलम १४ नुसार बिल्डरवर आहे. अन्यथा भरपाई मागता येते. खासगी मालकाकडून घेतलेल्या जुन्या घराला हे कवच नाही. तेथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ पाहावे लागते : करारात वेगळे ठरले नसल्यास, स्वतःला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला साधारण दक्षतेने न कळणारा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. डोळ्यांना दिसणारी भेग यात येत नाही. आणि विक्रेत्याला दोष ठाऊक होता, हे सिद्ध करणे कठीणच. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी खरेदीखतापूर्वीच करून घ्यावी.