तळटीप : ‘उतारावरही पाय सुटत नव्हते’

७. उतारावरही पाय सुटत नव्हते : लेखकाची सायकल ‘फिक्स्ड गिअर’ची आहे. तिच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील नसते. दातेरी चकती थेट हबवर घट्ट बसवलेली असते. त्यामुळे चाक फिरते तोवर पायडलही फिरतेच. चढावर हे फारसे जाणवत नाही, पण लांब उतारावर पाय नाइलाजाने गरागरा फिरू लागतात आणि वेग आवरायचा तर पायांनीच उलटा जोर द्यावा लागतो. ब्रेक न लावता घाट उतरणे याला मात्र धाडस म्हणू नये. अशा सायकलीच्या मागच्या हबला अनेकदा दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील असते. चाक काढून उलटे बसवले की झाले.

फ्रीव्हील नसलेल्या सायकलीवर लांबचा प्रवास करणे हा लेखकाला नवा छंद वाटतो, ते खरे नाही. थॉमस स्टीव्हन्स १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या कोलंबिया सायकलवर जगप्रदक्षिणा करून आला. तिचे पायडल ५० इंची पुढच्या चाकालाच जोडलेले, म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम चार मीटर. अमेरिका ओलांडताना एक तृतीयांशाहून अधिक वाट त्याने सायकल ढकलत किंवा उचलून पार केली. अफगाणिस्तानातून परत पाठवल्यावर तो जहाजाने कराचीला आला, रेल्वेने लाहोरला पोहोचला आणि तिथून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंत सायकलवर गेला. अशा सायकलीवर उतारावर पाय हँडलवर टाकून मोकळे सोडण्याची रीत होती. आपटण्याचा धोका अर्थातच मोठा.