दूध, लोह आणि प्रतिजैविके

कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून दिलेले दूध पिण्याची रीत आहे. दूध पैलवानाला चालते तसे आजाऱ्यालाही चालते, ही आपली समजूत. ‘औषध उष्ण पडेल, दुधाबरोबर घे’ हा घरोघरचा सल्ला त्यातूनच आला. काही प्रतिजैविकांच्या बाबतीत मात्र तो औषधाचा घात करतो. हे कसे उमगले, ते पाहू या.

1948 साली बेंजामिन डग्गर यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळालेले ऑरिओमायसिन जगापुढे आणले. टेट्रासायक्लिन गटातील हे पहिले औषध. अमेरिकेतील ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत हे काम झाले, तेथील संशोधनाची धुरा आपले येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होती. या औषधाने मळमळ होई, म्हणून सोबत ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशक देत. पण 1950 मध्ये आढळले, की त्यामुळे औषध रक्तात पुरेसे उतरतच नाही.

असे का व्हावे? खेकड्याने नांगीत पकडावे तसा टेट्रासायक्लिनचा रेणू ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह यांचे आयन धरून ठेवतो. तयार झालेले संयुग आतड्यातून नीट शोषले जात नाही. दुधात तर कॅल्शियम भरपूर! लहान मुलांच्या वाढत्या दातांवर या औषधाने डाग पडतात, तेही कॅल्शियमच्या याच ओढीमुळे.

1970 मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी दाखवले, की लोहाच्या गोळीने रक्तातील टेट्रासायक्लिनचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. 1991 मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन या निराळ्या गटातील औषधाचे शोषण दूध-दह्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले. अमॉक्सिसिलिनला मात्र दुधाची अडचण नाही. म्हणजे सर्व प्रतिजैविकांना एकच नियम लागू नाही.

याचा शाळेशी थेट संबंध आहे. 2019 साली पंचगंगेला आला तशा महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. त्यावर टेट्रासायक्लिन गटातील डॉक्सिसायक्लिन देतात. त्याला दुधाचा अडथळा कमी, लोहाचा मात्र मोठा. आणि शाळेत किशोरवयीन मुलांना आठवड्याला लोहाची गोळी आपणच देतो! औषध अपुरे पडले तर आजार बळावतो, शिवाय अर्धवट मात्रेतून वाचलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. म्हणून लोहाची गोळी देण्यापूर्वी ‘सध्या कोणते औषध चालू आहे का?’ एवढे विचारावे. असल्यास ही गोळी कधी द्यायची, ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.