अंगण खरेच वाकडे असते तेव्हा

नाचता येईना, अंगण वाकडे ही म्हण नेमबाजीच्या इतिहासाला लावून पाहिली, तर ती निम्मीच खरी ठरते असे आमचे मत आहे. ट्रॅप आणि स्कीट या प्रकारांत यंत्राने फेकलेली मातीची चकती हवेतच फोडायची असते. तिथे गुण ढासळू लागले की खेळाडू हमखास बंदूक बदलतो, आणि त्याला हसणारेही लगेच भेटतात. पण या क्रीडेच्या आरंभकाळातच एक प्रसंग असा घडला की त्यात दोष खरोखर अंगणाचा होता.

अ‍ॅनी ओक्ले 1887 साली बफेलो बिलच्या तांड्यासोबत लंडनला आली, तेव्हा राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव चालू होता. दोनच वर्षांपूर्वी सिनसिनाटी येथे एका दिवसात 5000 काचगोळ्यांपैकी 4772 फोडल्याचा विक्रम तिच्या नावावर जमा झाला होता. (मातीची चकती त्याच शहरात, लिगोव्स्कीने 1880 साली काढली, तिच्याआधी काचेचे गोळे आणि त्याहीआधी जिवंत कबुतरे होती. इंग्लंडात हा कबुतरांचा संहार 1921 च्या कायद्याने थांबला. असो.) तर अशी ही स्त्री लंडनच्या ‘ब्लू रॉक’ कबुतरांपुढे हतबल झाली. लहान चणीचे, झपाट्याने उडणारे ते पक्षी तिला सापडेनात.

तिचे दुखणे ओळखले एका बंदूककाराने. न्यू बाँड स्ट्रीटवरील पेढी चार्ल्स लँकेस्टरच्या नावाची. मूळ लँकेस्टर केव्हाच निवर्तलेला, आणि धंदा चालवणारा हेन्री थॉर्न स्वतःच ते नाव धारण करून वावरत असे. त्याने तिला नेम धरताना पाहिले आणि निदान केले, की तिच्या बंदुका तिच्या अंगाला जड आहेत आणि दस्ता तिच्या मापाचा नाही. त्याने तिच्यासाठी हलक्या, वीस बोरच्या बंदुका घडवल्या, आणि कबुतरे पडू लागली.

यात चमत्कार काहीही नाही. रायफलीला मागे आणि पुढे अशा दोन खुणा असतात. शॉटगनला केवळ पुढची माशी. मागची खूण म्हणजे नेमबाजाचा डोळाच. तो कुठे टेकेल हे गालाखालचा दस्ता ठरवतो. डोळा तीन मिलिमीटर वर सरकला, तर तीस मीटरवर छर्‍यांचा झोत आठ-दहा सेंटिमीटर वर जातो, आणि चकतीचा व्यास आहे अवघा 11 सेंटिमीटर. ऑलिंपिक स्कीटमध्ये तर चकती दिसेपर्यंत बंदूक कमरेपाशीच धरावी लागते. ती खांद्याला लागते तेव्हा दुरुस्तीला सवड उरत नाही. म्हणजे दस्ता चुकीचा असेल तर कसब जितके पक्के, तितकी चूकही पक्की.

मात्र याच गोष्टीची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. नेम चुकू लागलेला माणूस धास्तीने माशीकडे पाहू लागतो. नजर माशीवर आली की हात थबकतो आणि चकती पुढे निघून जाते. नवी बंदूक हाती आली की काही दिवस हा धाक विसरला जातो, नजर पुन्हा चकतीवर जाते, गुण वाढतात, आणि श्रेय बंदुकीला मिळते. शिवाय अगदी वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा बराच असतो, बंदूक बदला वा न बदला. म्हणून पहिल्या आठवड्याच्या गुणांना आम्ही पुरावा मानत नाही. ओक्लेच्या बाबतीत मापे घेणारा त्रयस्थ होता. एकट्याने दुकानात जाऊन बंदूक बदलणार्‍यापाशी तो नसतो, आणि नेमके काय सुधारले हे त्याला कधीच कळत नाही.

या संदर्भात किम रोड हिची कथा आठवते, जरी तिथे गुण ढासळले नव्हते. सतरा वर्षांची असताना, 1996 साली, तिने अटलांटात डबल ट्रॅपचे सुवर्ण जिंकले, आणि तीच पेराझी घेऊन ती पुढची तीन ऑलिंपिक खेळली. 2004 नंतर महिलांचे डबल ट्रॅप बंद झाले, ती स्कीटकडे वळली, तरी बंदूक तीच. बीजिंगच्या रौप्यपदकानंतर, सप्टेंबर 2008 मध्ये, ती बंदूक तिच्या गाडीतून चोरीस गेली. चाहत्यांनी वर्गणी काढून नवी पेराझी घेऊन दिली. जानेवारी 2009 मध्ये पोलिसांना जुनी सापडली. इथे आमच्यासारखा भाविक माणूस ती हृदयाशी धरून पुन्हा मैदानात उतरला असता! तिने तसे केले नाही. जुनीला निवृत्ती दिली, नवीवरच तालीम चालू ठेवली, आणि 2012 साली लंडनमध्ये शंभरांपैकी 99 चकत्या फोडून सुवर्ण घेतले. रिओत, 2016 साली, कांस्य मिळाले. सलग सहा ऑलिंपिकमधील हे तिचे सहावे वैयक्तिक पदक.