खरखरीच्या मागचा आवाज

सध्या पोस्टिंग भिलाईला, जुनवानीत. संध्याकाळचा रोल कॉल आटोपला की फोनवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं गाणं लावतो. आमच्यातला एक छत्तीसगढी जवान परवा म्हणाला, "साहब, इसमें तो सिर्फ खरखर है." खरखर आहेच. ऐकायचं ते तिच्या मागचं.

1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरात गौहर जान गायली. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन तेव्हा नव्हताच. कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं. त्या आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणावर रेघ ओढायची. वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटं. चुकलं तर खोडरबर नाही, नवं मेण घ्या. तबकड्या छापायला जर्मनीत, हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं म्हणून बाई शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगून मोकळी होई. रिपोर्ट दिल्यासारखी!

पण माझा जीव अडकलाय तो मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांत. 1930 नंतरच्या त्यांच्या तबकड्या, 'जमुना के तीर' वगैरे, घरोघरी माहीत आहेत. तोवर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं होतं, बारीक सूरही टिपला जाई. आवाज नाजूक, संथ, जणू दुसऱ्या खोलीतून येतोय. किराणा म्हणजे हेच, असं आपण धरून चालतो. आता त्यांच्याच 1905 च्या आसपासच्या तबकड्या लावा. तरणा गळा, ताना सुसाट, आणि घाई अशी की मेण संपायच्या आत सगळं सांगून टाकायचंय. तबकडीला काय शोभतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांनाही नाही. म्हणून मला त्या जास्त आवडतात. रसिक रागावतील, रागावू देत.

न्यूयॉर्कमध्ये 1960 च्या दशकात पोर्तोरिकन पोरांनी क्यूबन ठेक्यात कृष्णवर्णीयांचं सोल मिसळलं. त्या लॅटिन सोलचेही कच्चे डेमो शोधत फिरणारे शौकीन आहेत. त्यांचं वेड मला कळतं.

आणि भास्करबुवा बखले? 1922 मध्ये गेले, एकही तबकडी मागे नाही. मास्तर कृष्णराव, बालगंधर्व यांच्या गळ्यांवरून गुरूचा अंदाज बांधत बसायचं. तडा गेलेली एखादी तबकडी असती, तरी चाललं असतं.