चंद्रप्रभेचे सिंह

काशीस येणाऱ्या मराठी माणसाला पंचगंगा घाट ठाऊक असतो, दुर्गाघाट-ब्रह्माघाटावरील आपली जुनी वस्तीही ठाऊक असते. परंतु याच काशीपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, विंध्याच्या पठारावर, एके काळी सिंह मोकळे हिंडत होते, ही गोष्ट फारच थोड्यांच्या कानांवर गेलेली असते. सिंह पाहावयाचे तर आफ्रिकेतील सेरेंगेटी वा क्रूगर गाठावे, अशी आपली समजूत. आणि खिशाला परवडत असेल तर ती वावगीही नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभी आशियातील सिंह हिंदुस्थानात केवळ सौराष्ट्रातील गीरच्या रानात उरला होता. जुनागढच्या नवाबांनी त्यास अभय दिले म्हणून तो वाचला. परंतु सारा वंश एकाच रानात कोंडलेला असणे धोक्याचे होते. एखादी साथ आली की सर्वच संपले. म्हणून १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय वन्यजीव मंडळाने सिंहाला दुसरे घर शोधण्याचा विचार पुढे आणला, आणि निवड पडली ती चंद्रप्रभेच्या रानावर. पूर्वी हे काशीनरेशांचे शिकारीचे रान. १९५७ साली ते अभयारण्य झाले, आणि त्याच वर्षी गीरहून एक सिंह व दोन सिंहिणी तेथे आणण्यात आल्या.

प्रयोगाचा आरंभ तरी शुभ झाला. १९६० साली सिंहांची संख्या ५ झाली, १९६२ साली ७ आणि १९६५ साली ११. त्यानंतर मात्र ते दिसेनासे झाले. चंद्रप्रभा नदी पुढे कर्मनाशेस मिळते, आणि कर्मनाशेच्या पाण्याचा स्पर्श झाला की संचित पुण्य लयास जाते अशी इकडील समजूत आहे. भाविकास तेवढे कारण पुरे व्हावे!

खरी कारणे याहून साधी आहेत. अभयारण्य अवघे ७८ चौरस किलोमीटरांचे. सेरेंगेटीचे क्षेत्र १४,७६३. इतक्याशा जागेत वाढते कुटुंब मावणार कसे? सिंह बाहेर पडले, गुरांच्या वाटेवर आले, आणि पुढे विष व बंदूक यांनी आपले काम केले असावे, असे जाणकार मानतात. असावे, असेच म्हणावे लागते. कारण त्यांच्यावर नियमित नजर ठेवलीच गेली नाही. आयुष्य फाइलींत घालविणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनास याचीच चुटपुट अधिक लागते. अकरा सिंह गेले ते गेलेच, पण कोणता कधी व कोठे गेला हे सांगणारी एक धड नोंदवहीही मागे राहिली नाही. १९६८ साली गीरमध्ये गणती झाली तेव्हा तेथे १७७ सिंह भरले. त्या मानाने अकरा ही काही किरकोळ संख्या नव्हती.

योगायोग असा की, १९५७ च्याच अखेरीस बर्नहार्ड ग्रझिमेक हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आपल्या मुलासह झेब्र्याचे पट्टे रंगविलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीकडे निघाले होते. कशासाठी? तर जनावरे मोजण्यासाठी. त्यांनी साडेतीन लाखांहून अधिक जनावरे मोजली, कळपांच्या वाटा नकाशावर उतरविल्या. जानेवारी १९५९ मध्ये विमान कोसळून मुलगा मायकेल मृत्यू पावला. त्याची समाधी न्गोरोंगोरोच्या काठावर आहे. मोजदादीची एवढी किंमत एका बापाने दिली.

आपल्याकडे हा खटाटोप पहिलाच होता असेही नाही. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी लॉर्ड कर्झन यांच्या सूचनेवरून थेट आफ्रिकेतून सिंह मागवून आपल्या संस्थानातील कूनोच्या रानात वसविण्याचा घाट घातला होता. उंच भिंतींच्या आवारातून ते मोकळे सोडले, तेव्हा त्यांनी गुरांवर व माणसांवर झडप घालण्यास सुरुवात केली आणि तो बेत फसला. शिंदे सरकारचा पैसा गेला. चंद्रप्रभेत गेले ते मात्र परत न मिळणारे देशी बीज.

पुढे त्याच कूनोची गीरच्या सिंहांसाठी निवड झाली. त्यासाठी रानातील चोवीस गावे उठविण्यात आली. गुजरातने सिंह देण्यास नकार दिला. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते हलविण्याचा आदेश दिला, तरी सिंह काही निघाले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या रानात नामिबियाहून आठ चित्ते आले, आणि त्यांच्या गळ्यांत त्यांचा ठावठिकाणा कळविणारे पट्टे होते.

चंद्रप्रभा पूर्वी वाराणसी जिल्ह्यात होती. १९९७ पासून ती चंदौली जिल्ह्यात मोडते. पावसाळ्यात काशीकर राजदरी-देवदरीचे धबधबे पाहावयास तिकडे आवर्जून जातात आणि संध्याकाळी गावी परततात.